साडेअकराची सभा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
६ जुलै २०२५

चि. रूपाली,

जयभीम. तुला आमच्या मंडळाच्या गंगापूर शाखेची सचिव केल्याची खबर अक्काच्या फोनवरून कळली. अक्का अशा थाटात बोलत होती की जणू लेक कलेक्टरच झाली. मी म्हणालो, अक्का, सचिव निवडायची वेळ आली की सभेतले सगळे मान खाली घालून चपला शोधतात. ज्याची मान वर राहील त्याच्या गळ्यात पद. तुझ्या लेकीला मान खाली घालायची सवय नाही, म्हणून ती सापडली.

हातात मोबाईल असताना मामा पत्र का लिहितो, असं वाटलं असेल. मंडळात फोनवर लिहिलेला प्रत्येक शब्द जिल्हाध्यक्ष नानासाहेबांपर्यंत पोचतो. लोक दात घासायच्या आधी स्क्रीनशॉट पाठवतात. कागद पुढं पाठवायचा तर उठून पोस्टात जावं लागतं, आणि उठायचं म्हटलं की आमचे कार्यकर्ते आजारी पडतात.

आता मंडळाविषयी. नाव मोठं, मराठवाडा क्ष-किरण तंत्रज्ञ मंडळ. एक्स-रे काढणाऱ्यांची संघटना म्हणायची, पण मला आठवतं तेव्हापासून तिनं सत्काराचे फोटो सोडून दुसरा फोटो काढलेला नाही. बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितलं होतं, ह्यांनी कार्यकारिणी व्हायचंच मनावर घेतलं. येत्या १२-१३ तारखेला नव्या पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण शिबिर आहे. प्रशिक्षण प्रमुख तुझा मामा. मी वर्षानुवर्षं तेच शिकवतो आणि लोक वर्षानुवर्षं तेच लिहून घेतात. दगडाला पाझर फुटेल, पण तालुका सचिवाला अक्कल फुटायची नाही. तू ये. सगळ्यांदेखत मला मामा म्हणू नको, सर म्हण. जेवण चांगलं आहे.

तुझा
राजेंद्रमामा

गंगापूर
१५ जुलै २०२५

आदरणीय मामा,

जयभीम. एसटी हुकली, जीपनं आले. आई विचारत होती, मामानं काय शिकवलं. तिला सांगितलं तेच तुम्हाला लिहिते, मेहनत वाया गेली असं वाटायला नको. पाहुण्याच्या खुर्चीवर टॉवेल हवा, इतरांच्या खुर्चीवर नको. नारळाची शेंडी पाहुण्याकडं करायची. हारातली टाचणी आधी काढायची. प्रास्ताविक करणारा वेगळा, आभार मानणारा वेगळा, आणि काम करणारा कोण ते दोन दिवसांत निघालंच नाही.

एक गोष्ट मात्र मी नीट लिहून घेतली. सभेला निम्मे सभासद हजर असले तरच गणपूर्ती होते, एरवी सभा तहकूब करायची. मग अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा पुन्हा भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. तिघं असले तरी ठराव पक्का. "नोटिशीवर अकरा लिहा आणि साडेअकराला या. अकराला फक्त येडे येतात," असं तुम्ही म्हणालात आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. नानासाहेब तर डोळे पुसेपर्यंत हसले.

मी प्रश्नोत्तराच्या वेळी उठले ते प्रांजलीसाठी. तुम्ही माईक बंद करायला लावलात, म्हणून राहिलेलं इथं लिहिते. प्रांजली आमच्या शाखेची सभासद, तात्यासाहेब डॉक्टरांच्या हॉस्पिटलात एक्स-रेला. धनगराच्या घरची, नवरा अजिनाथ मेंढरं घेऊन निम्मं वर्ष बाहेर, घर तिच्या पगारावर. तिला पाचवा महिना चालू आहे. किरणांपासून पोट वाचवायला आपण शिशाचा अॅप्रन घालतो. तिथं तो रोज घडी करून स्टुलावर फेकतात. घडीनं आतलं शिसं चिरतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तिनं अॅप्रन मशिनखाली पसरून त्याचाच एक्स-रे काढला. नेमक्या पोटाच्या जागी भेगा. फिल्म डॉक्टरांना दाखवली तर म्हणाले, फिल्म फुकट घालवलीस, उद्यापासून येऊ नको.

तिचं मागणं काय, तर नवा अॅप्रन, आणि बाळंत होईपर्यंत बाहेरच्या टेबलावरचं काम. संघटना असते ती यासाठीच ना, एवढंच मी विचारणार होते. नानासाहेब म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही. तुम्ही तेव्हा पंख्याकडं बघत होतात.

तुमची
रूपाली

गारखेडा
२० जुलै २०२५

चि. रूपाली,

जयभीम. माईक मी बंद करायला लावला, नाहीतर नानासाहेबांनी तुझी शाखाच बंद केली असती. तू बोललीस कुठं, कुणाविषयी, काही भान? तो हॉल तात्यासाहेबांच्या मेव्हण्याचा. दोन्ही दिवसांचं जेवण तात्यासाहेबांकडून. तू त्यांचं श्रीखंड चाटून पुसून खाल्लंस आणि हात वाळायच्या आत त्यांच्यावरच घसरलीस. आमच्यात ज्याचं खावं त्याचं गावं, निदान पचेपर्यंत तरी.

आणि कुणाच्या जिवावर उड्या मारतेस? तुझ्या सभासदांच्या? मी त्यांना आतून बाहेरून ओळखतो, एक्स-रे काढायची गरज नाही. वडा-चहा असला तर येतील. हात वर करायची वेळ आली की एकाला लघवीला लागेल, दुसऱ्याचा फोन वाजेल, तिसरा म्हणेल माझा पाठिंबा गृहीत धरा. ह्या लोकांना मी उमेदीत असताना सुधारायला निघालो होतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं, नळी वाकडी झाली.

तुला एवढीच खाज असेल तर निवेदन दे. निवेदन ही लई बेस्ट चीज आहे. देणाऱ्याला दिल्याचं समाधान, घेणाऱ्याला टोपलीत टाकायची सोय, आणि मधे फोटो. तात्यासाहेबांच्या हातात देताना हसून दे. फोटो मी ग्रुपवर टाकीन, कौतुकही करीन. त्यापुढं जाऊ नको.

ह्या लाईनीत तुला मी आणलं. अक्का तुला डी.एड.ला घालत होती, मी म्हणालो मास्तरकीत भीक आहे, एक्स-रे शिकव. कॉलेजच्या फीपासून पहिल्या नोकरीपर्यंत कुणाचा हात धरून आलीस ते विसरू नको. बाकी तू शहाणी आहेस, म्हणजे निदान तसं अक्का म्हणते.

तुझा
राजेंद्रमामा

गंगापूर
२७ जुलै २०२५

आदरणीय मामा,

जयभीम. तुमचं ऐकलं. निवेदन दिलं. तात्यासाहेबांनी ते टेबलावर ठेवलं आणि माझ्यासमोरच त्याच्यावर चहाचा कप ठेवला. चहा संपेपर्यंत मला उभं केलं. मग म्हणाले, "तुमचे राजेंद्रराव कसे आहेत? त्यांच्यासारखी समजूतदार माणसं राहिली नाहीत." फोटो निघाला नाही, कारण कुणी काढायला नव्हतं. तेवढा तुमचा कौतुक करायचा त्रास वाचला.

तुम्ही मला लाईनीत आणलं हे मी विसरले नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मला अॅप्रन कसा टांगायचा ते दाखवलं होतं आणि म्हणाला होता, मशीन बिघडलं तर चालेल, हा बिघडला तर चालायचं नाही. तो माणूस मला आवडायचा. शिबिरात मी त्यालाच शोधत होते. मला नारळाची शेंडी फिरवणारा भेटला.

प्रांजली रोज फोन करत नाही. केला तर आधी माझीच विचारपूस करते. तिच्या सासूनं दागिना मोडायला काढला तेव्हा तिनं मला विचारलं, ताई, मी चूक केली का. मला राग आला, तिचा नाही.

१० ऑगस्टला, रविवारी, बसस्टँडमागच्या समाजमंदिरात शाखेची सभा ठेवली आहे. वेळ सकाळी अकरा. विषय एकच, प्रांजलीची नोकरी. प्रत्येक सभासदाला नोटीस दिली आणि एकच विनंती केली, यायच्या आधी आपापल्या अॅप्रनचा एक्स-रे काढून बघा. तुम्ही जिल्ह्याचे म्हणून नाही, माझे मामा म्हणून या. आई वाट बघेल.

तुमची
रूपाली

गारखेडा
३ ऑगस्ट २०२५

चि. रूपाली,

जयभीम. तुझी नोटीस नानासाहेबांनी वाचली आणि ते स्वतः गंगापूरला यायला निघाले आहेत. एवढी इज्जत आजवर कुठल्या तालुक्याला मिळाली नाही. मी सोबत आहे.

काय होणार ते आधीच सांगतो, म्हणजे ऐनवेळी रडारड नको. अकराला तू, प्रांजली आणि समाजमंदिराचं कुलूप उघडणारा एवढे जण असाल. गणपूर्ती नाही, सभा तहकूब. आम्ही साडेअकराला येऊ. नानासाहेब, मी आणि दोन-चार जण कोरम न लागणाऱ्या सभेला बसू. "सदर विषय सखोल अभ्यासासाठी उपसमितीकडे सोपवण्यात येत आहे" असा ठराव होईल. उपसमितीचा अध्यक्ष मी. म्हणजे विषय सुखरूप मेला, कुणाला पाप लागलं नाही. मंडळात आजवर मी अशा कित्येक विषयांचं तेरावं घातलंय.

तू वाईट वाटून घेऊ नको. अॅप्रन टांगायला शिकवणारा मामा, असं लिहिलंस. तो मामा पगारी होता. हा मानद आहे. मानद माणसाला मानाशिवाय दुसरं काही मिळत नाही, म्हणून तो तेवढं सोडत नाही. तुला पद वर्षभर राहिलं की आपोआप समजेल, शिबिराची गरज लागणार नाही.

पोरीला सांग, बाळंत हो, मग बघू. तात्यासाहेब दिलदार आहेत, मी शब्द टाकीन. अक्काला सांग ज्वारीची भाकर आणि ठेचा ठेव, सभा आटपून जेवायलाच येतो. नानासाहेब हॉटेलात जेवतील, त्यांना आपल्या घरचं चालत नाही. ते कधी बोलून दाखवत नाहीत, मीही विचारत नाही.

तुझा
राजेंद्रमामा

गंगापूर
११ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,

जयभीम. काल तुम्ही जेवायला आला नाहीत. आईनं तव्यावरची भाकर दोनदा गरम केली, मग झाकून ठेवली. गाडीत बसून परत का गेलात ते तुम्ही सांगणार नाही, म्हणून काय झालं ते मीच लिहिते.

अकराच्या आधीच समाजमंदिर भरलं होतं. मला स्वतःला भरवसा नव्हता, खोटं कशाला बोलू. मी जास्तीच्या सतरंज्या काढल्याच नव्हत्या. पहिला आला सांडूभाऊ, लासूर स्टेशनवरून मोटारसायकलवर, खांद्यावर अॅप्रन आणि हातात फिल्म. आल्या आल्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. भेगा. मागून दुसरा आला, त्याच्याही फिल्मवर भेगा. मग एकेक करत सगळे. दवाखाने वेगवेगळे, डॉक्टर वेगवेगळे, घडी मात्र सगळीकडं तीच. भेगा कुणाच्या मांडीवर, कुणाच्या गळ्याखाली. वडा-चहासाठी आलेला एकजण नव्हता, मामा. वडे मी सांगितलेच नव्हते.

अकराला सभा सुरू केली. गणपूर्ती होऊन माणसं उरली. सांडूभाऊ सूचक, खुलताबादहून इथं बदलून आलेल्या द्वारकाबाई अनुमोदक. ठराव असा: प्रांजलीला कामावर घेईपर्यंत, नवा अॅप्रन देईपर्यंत आणि बाळंतपणापर्यंत बाहेरचं काम देईपर्यंत, तिच्या जागेवर तालुक्यातला एकही तंत्रज्ञ जाणार नाही. सगळे हात वर. कुणाला लघवीला लागली नाही. प्रांजली मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलायला सांगितलं तर उठली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि रडली. भाषण झालं नाही. आम्ही राष्ट्रगीत म्हटलं आणि सभा संपली.

लोक चहा घेत होते तेव्हा तुमची गाडी आली. नानासाहेब उतरले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "चला, तहकूब सभा सुरू करू." मी म्हणाले, तहकूब झालीच नाही, सभा झाली. ते म्हणाले, "आमच्याशिवाय?" सांडूभाऊनं त्यांना कपात चहा ओतून दिला. अकराला येणाऱ्यांना येडं म्हणायला शिकवलंत तुम्ही सगळ्यांना, आणि शिकलात मात्र फक्त तुम्ही दोघं.

मग नानासाहेब माझ्यादेखत तुम्हाला म्हणाले, "राजेंद्रराव, लिहून द्या. आपण दोघं अकरापासून इथं होतो आणि गणपूर्ती नव्हती. ठराव आपोआप रद्द." तुम्ही पायातल्या चपलेकडं बघितलं. मला तेवढंच विचारायचं आहे. तुम्ही तसं लिहून देणार का? तात्यासाहेबांनी निरोप धाडलाय की जिल्हा मंडळ ठराव मान्य करत असेल तर विचार करू, नाहीतर पोरीनं पुन्हा दारात येऊ नये. म्हणजे तिचं सगळं आता तुमच्या एका सहीवर आहे.

तुमची
रूपाली

गारखेडा
२४ ऑगस्ट २०२५

चि. रूपाली,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. इकडं धावपळ होती. नानासाहेबांनी माझं नाव विभागीय प्रशिक्षण सल्लागार म्हणून वर पाठवलं आहे. आता चार जिल्ह्यांतल्या रिकाम्या डोक्यांना मीच शिकवायचं. पुढचं शिबिर बहुतेक परभणीला.

तू सभेचं वर्णन छान केलंस. गोष्टीसारखं. पण एकदा गोळा झालेली माणसं म्हणजे संघटना नव्हे. आज भेग बघून आले, उद्या डॉक्टरनं डोळे वटारले की त्याच भेगेत तोंड लपवतील. तुझ्या सांडूभाऊला पोरं-बाळं आहेत. द्वारकाबाईला घराचा हप्ता आहे. पैलवान आखाड्यात उतरला की कळतो, मांडी ठोकताना सगळेच दारासिंग.

तू सहीचं विचारतेस. पोरी, जन्मभर मी इतिवृत्तांवर सह्या केल्या. जिथं "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" असं लिहिलंय तिथं खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या. जिथं "एकमताने" लिहिलंय तिथं एकच माणूस जागा होता. कागदावर खरं लिहायची पद्धत असती तर मंडळ कधीच बंद पडलं असतं. कागदाचं एवढं मनाला लावून घेणारी माझी भाची निघावी याचं नवल वाटतं. सही म्हणजे शाई. तिच्याकडं धर्मग्रंथासारखं बघू नये.

माझ्याही वयाचा विचार कर. रिटायर झाल्यावर शेजारचं कुत्रं विचारत नाही. मंडळात गेलो की कुणीतरी उठून खुर्ची देतं, सर म्हणतं. तुला ते हसण्यासारखं वाटेल, तुला अजून खुर्चीची गरज पडलेली नाही.

अक्काला यातलं काही बोलू नको. तिला बीपी आहे. मी येईन कधीतरी.

तुझा
राजेंद्रमामा

गंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

मामा,

तुम्ही सही केली. तुमच्या पत्रात ती नव्हती, जिल्ह्याच्या पत्रात आली. आपण दोघे सकाळी अकरापासून उपस्थित होतो, गणपूर्ती आढळली नाही, सबब ठराव रद्द आणि गंगापूर शाखा बरखास्त. खाली तुमचं नाव, नव्या पदासकट. अक्षर छान आहे.

आता इकडचं ऐका. रद्द ठरावाचा कागद तात्यासाहेबांनी हॉस्पिटलात काचेखाली लावला आणि प्रांजलीच्या जागेची जाहिरात दिली. तालुक्यातून कुणी गेलं नाही. मग त्यांनी पगार वाढवला, तरी नाही. वैजापूरचा एकजण निघाला होता, सांडूभाऊनं त्याला फोन करून फक्त सांगितलं की तिथला अॅप्रन आधी मशिनखाली धरून बघ. तो अर्ध्या रस्त्यातून परतला. मशीन झाकून पडलं. हात मोडलेली माणसं दुसरीकडं जायला लागली, आणि त्यांच्यामागून ताप-खोकलावालीपण. सोमवारी डॉक्टरांनी कंपाउंडर पाठवून प्रांजलीला बोलावलं. नवा अॅप्रन आला आहे, दांडीवर टांगलेला. ती बाहेरच्या टेबलावर बसते. काचेखालचा कागद तिनं मागितला नाही, डॉक्टरांनीच काढला.

तुम्ही म्हणाला होतात, ही माणसं तोंड लपवतील. शाखा नाही, शिक्का नाही, पद नाही, आणि एकानंही लपवलं नाही. लपवलं ते एकाच माणसानं, आणि त्याला आम्ही शिबिरात सर म्हणत होतो. तुम्ही ह्या लोकांना इतकी वर्षं तुच्छ लेखलंत, मला वाटायचं तुम्हाला त्यांचं काहीतरी ठाऊक असेल. तुम्हाला फक्त स्वतःचं ठाऊक होतं, मामा, आणि तुम्ही ते सगळ्यांच्या अंगावर टाकत होतात. मला तुमचा राग यायला हवा होता. राग आला असता तर बरं झालं असतं, तुमच्याशी भांडले असते. आता तुमची कीव येते आणि तीही फार वेळ टिकत नाही.

परवा खुलताबाद शाखेचे दोघं आले होते. विचारत होते, तुम्ही लोकांना कसं तयार केलं, आम्हाला शिकवा. मी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, शिकवण्यासारखं काही नाही, आधी कुणाचं काय दुखतंय ते विचारा. ते वहीत लिहून घेत होते. त्यांना वही मिटायला सांगितलं.

आई रोज दारात बसते आणि म्हणते, राजू का येईना, माझं काही चुकलं का. तिला अजून वाटतं की तिच्या पोरीची शाखा तिच्या भावानं वाचवली असती, पण नानासाहेब आडवे आले. मी तिला खरं सांगितलेलं नाही, तुम्ही सांगितलं म्हणून नाही, तर ते माझ्या तोंडून तिनं ऐकू नये म्हणून. तुम्ही या. तिच्यासमोर बसा, आणि काय लिहून दिलं ते तुमच्या तोंडानं तिला सांगा.

रूपाली